हॅरिसन्स रॉक्स : मऊ कातळ, मुलांचे गट आणि दोराचं वरचं टोक

लंडनच्या दक्षिणेला, टनब्रिज वेल्स या गावापासून काही किलोमीटरवर ग्रूमब्रिज नावाचं खेडं आहे. त्याच्या शेजारी बर्चडेन वूड हे जंगल आहे आणि त्या जंगलात झाडांच्या आड एक बुटका कडा लपलेला आहे, हॅरिसन्स रॉक्स. उंची साधारण दहा मीटर. खालून स्पा व्हॅली रेल्वेची जुनी लाईन जाते, त्यामुळे चढताना अधूनमधून वाफेच्या इंजिनाची शिट्टी ऐकू येते. गाड्या लावायच्या जागेपासून कडा चालत थोड्याच अंतरावर. वाट रुंद आणि सोपी.

एवढ्याशा कड्याला एरवी कोणी विचारलं नसतं. पण इंग्लंडच्या आग्नेय भागात चढण्याजोगा नैसर्गिक कातळ फार थोडा आणि लंडन तिथून तासाभराच्या अंतरावर. त्यामुळे शाळा, स्काउट पथकं, युवक मंडळं आणि साहस केंद्रं मुलांना पहिल्यांदा कातळाला हात लावायला इथेच आणत आली आहेत. या कड्याची झीज कशी झाली आणि ती थांबवण्यासाठी काय ठरवलं गेलं, हे मुलांचे गट कातळावर नेणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने पाहावं असं मला फार वाटतं. मुलांची सुरक्षितता आपण प्रशिक्षणात शिकतो आणि कातळाची काळजी माहितीफलकावर वाचतो. दोन्ही विषय वेगळ्या कप्प्यांत राहतात. हॅरिसन्सवर ते कड्याच्या माथ्यावर, जिथे दोर बांधला जातो त्या एका हातभर जागेत, समोरासमोर येतात. तिथे एकाची सोय केली की दुसऱ्याची अडचण होते, आणि ती अडचण सोडवायला माणसं लागतात.

कातळ कसा आहे

हा वालुकाश्म आहे. भूशास्त्रात त्याला आर्डिंग्ली सँडस्टोन म्हणतात. क्रिटेशियस काळाच्या सुरुवातीला, सुमारे तेरा-चौदा कोटी वर्षांपूर्वी, नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा तो थर. कणांना धरून ठेवणारं बंधन फार कच्चं आहे. तरी कडा टिकून राहिला तो त्याच्या सालीमुळे. आतला ओलावा पृष्ठभागाकडे येतो, सुकतो आणि सोबत आणलेली खनिजं तिथेच सोडून जातो. हे हजारो वर्षं चाललं की बाहेर एक पातळ, टणक कवच तयार होतं. बोटाने दाबून पाहिलं तर कातळ दगडासारखाच कडक लागतो.

कवच फुटलं की खरा प्रकार कळतो. आतला भाग नखाने खरवडता येतो. एकदा साल गेली की पकड गोलसर होत जाते, पायरी उतरती होते, आणि पुढच्या प्रत्येक पायासरशी वाळू सुटत राहते. नवं कवच धरायला माणसाच्या आयुष्याच्या हिशेबात न बसणारा काळ लागतो. म्हणजे इथली झीज ही दुरुस्त होणारी गोष्ट नाही. सिमेंट किंवा रेझिन भरून काही पकडी वाचवल्या गेल्या आहेत, पण ती मलमपट्टी.

पीक डिस्ट्रिक्टमधल्या स्टॅनेज एजसारख्या कड्याचा ग्रिटस्टोन याच्या कितीतरी पट कणखर. तिथे पिढ्यानपिढ्या लोक लीड करत, म्हणजे दोर खालून सोबत नेत, कातळाच्या फटींत पाचर अडकवत चढत आले आहेत. तिथल्या सवयी घेऊन कोणी इथे आला तर एका दुपारीत नुकसान करून जाईल. हॅरिसन्सवर लीड चढाई करतच नाहीत, दोरावरची सगळी चढाई टॉप रोपवर, म्हणजे माथ्यावरून खाली आलेल्या दोरावर; लीडच नसल्यामुळे इथल्या मार्गांना फक्त ब्रिटिश तांत्रिक श्रेणी देतात, लीड करणाऱ्याचा एकूण धोका सांगणारी श्रेणी देतच नाहीत.

गर्दी कशी जमली

विसाव्या शतकाच्या विशीच्या दशकात इथे चढाई जोमाने सुरू झाली. त्यात नेआ मोरिन या पुढे आल्प्समध्ये नाव कमावलेल्या गिर्यारोहक स्त्रीचा मोठा वाटा होता. १९५८ मध्ये चढाई करणाऱ्यांच्या पुढाकाराने हा कडा विकत घेतला गेला आणि सेंट्रल कौन्सिल ऑफ फिजिकल रिक्रिएशन या संस्थेच्या ताब्यात दिला गेला. पुढे स्पोर्ट्स कौन्सिलमार्गे जबाबदारी ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिलकडे, म्हणजे बीएमसीकडे आली. १९४४ मध्ये स्थापन झालेली ही ब्रिटनमधली गिर्यारोहकांची मध्यवर्ती संस्था. जागा सर्वांना खुली राहिली, हे या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं. खासगी मालकाने कुंपण घातलं असतं तर लंडनच्या वस्त्यांतल्या हजारो मुलांना कातळ दिसलाच नसता.

शेजारीच बोल्स रॉक्स आहे. ती जागा एका साहस केंद्राची. तिथे येणारा गट केंद्राच्या नजरेखाली असतो, कोण कधी चढणार हे ठरवता येतं, बिघडलेला मार्ग बंद ठेवता येतो. हॅरिसन्सवर तसं नाही. तिथे एकाच सकाळी तीन वेगवेगळ्या संस्थांचे गट येऊ शकतात आणि तिघांनाही एकमेकांची कल्पना नसते. याच भागातल्या एरिज रॉक्सची गोष्ट आणखी निराळी: तो ससेक्स वाइल्डलाइफ ट्रस्टचा राखीव भाग आहे आणि तिथे शेवाळं आणि नेच्यांना पहिला मान आहे. टनब्रिज फिल्मी फर्न नावाचा नाजूक नेचा, ज्याचं शास्त्रीय नावच टनब्रिजवरून पडलं, अशाच दमट वालुकाश्मावर वाढतो. तेव्हा पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून हिरवळ खरवडून काढणं हेसुद्धा या परिसरात नुकसानच.

ज्युली टुलिस यांचं नाव इथे घ्यायला हवं. १९८६ मध्ये केटू शिखरावर या गिर्यारोहक बाईंचा मृत्यू झाला. त्याआधी कित्येक वर्षं त्या याच वालुकाश्मावर चढत आणि शिकवत होत्या. हॅरिसन्सजवळच्या तंबूंच्या मैदानाला त्यांचं नाव दिलेलं आहे. आठ हजार मीटरच्या शिखरापर्यंत पोचलेल्या बाईंचे हात या दहा मीटरच्या कड्यावर तयार झाले होते, हे तिथे आलेल्या मुलांना आवर्जून सांगावं.

झीज नेमकी कुठे आणि का

गट घेऊन जाणारा माणूस जागा निवडताना काय बघतो? पायथा सपाट हवा, मुलांना बसायला जागा हवी, मार्ग सोपे हवेत, माथ्यावर दोर बांधायला भक्कम काहीतरी हवं, आणि वाटेपासून फार आत जायला नको. सगळ्या अपेक्षा रास्त आहेत. पण सगळेच गट हेच बघतात, त्यामुळे लांबलचक कड्यावरच्या मोजक्या सोप्या मार्गांवर सगळा भार येतो. बारा मुलांनी एक सोपा मार्ग तीन-तीनदा चढला तर एका सकाळीत छत्तीस चढाया झाल्या. नवखं मूल एका पायरीवर एकदाच पाय ठेवत नाही. ठेवतं, घसरतं, पुन्हा ठेवतं, बुटाचं टोक घासतं. बुटाला पायथ्याची वाळू चिकटलेली असते आणि ती पॉलिश पेपरचं काम करते.

पायथ्याचीही तीच गत. सततच्या पायांनी माती सैल होते, पाऊस ती उतारावरून घेऊन जातो, झाडांची मुळं उघडी पडतात. पायथा खचला की पहिली पकड लहान मुलाच्या हाताच्या वर जाते, मग त्याला उचलून चढवावं लागतं, आणि ते पाय आपटत वर जातं.

पण सगळ्यात वाईट जखम माथ्यावर आहे. जुन्या काळी दोर थेट झाडाला गुंडाळायचा आणि कड्यावरून खाली सोडायचा, ही सरळ पद्धत होती. चढणारा वर जाताना दोर धारेवरून सरकतो, खाली येताना पुन्हा सरकतो, आणि त्या वेळी त्याचं वजनही दोरावर असतं. मऊ दगडावर ही करवतच. अनेक मार्गांच्या वर बोट सहज आत जाईल एवढ्या खोल पन्हळी पडल्या आहेत. एकदा पन्हळ पडली की पुढच्या प्रत्येक गटाचा दोर आपोआप तिच्यातच जाऊन बसतो आणि ती आणखी खोल होते. झाडांच्या साली सोलल्या गेल्या ते वेगळंच.

नियम, आणि त्यामागचं गणित

यावर चढाई करणाऱ्यांनीच मिळून या वालुकाश्मासाठी आचारसंहिता तयार केली. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: हलणारा दोर दगडाला टेकता कामा नये. माथ्यावरच्या अँकरपासून, म्हणजे दोर बांधायच्या भक्कम आधारापासून, न ताणणारा, जाड स्लिंग (पट्ट्याचा फास) किंवा स्टॅटिक दोर धारेपलीकडे आणायचा, त्याखाली गालिच्याचा तुकडा घालायचा, आणि कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, धारेच्या खाली मोकळा लटकेल एवढी लांबी ठेवायची. चढाईचा दोर त्या कॅराबिनरमधूनच फिरतो. धारेवर जे टेकलेलं आहे ते हलत नाही, आणि जे हलतं ते हवेत आहे. बऱ्याच मार्गांच्या वर कायमचे बोल्ट बसवले गेले, म्हणजे झाडांना धरायची गरज उरली नाही. बाकीचे नियम: मऊ तळाचे स्वच्छ बूट, पायथ्याशी पाय पुसायला कापड, हाताला लावायच्या खडूचा वापर नाही किंवा अगदी थोडा, तारेचा ब्रश कधीच नाही, रॅपलिंग (दोरावरून स्वतः खाली उतरणं) नाही, चढणाऱ्याला दोराने खाली सोडणं शक्यतो टाळायचं, आणि कातळ ओला असेल तर चढायचंच नाही.

दोन अँकरमधून येणारे दोर खाली एकत्र येतात तेव्हा त्यांच्यातला कोन महत्त्वाचा. कोन साठ अंशांचा असेल तर प्रत्येक बाजूवर भाराच्या साधारण ५८ टक्के ओढ येते. नव्वद अंशांना ती ७१ टक्के होते आणि एकशे वीस अंशांना प्रत्येक बाजूवर पूर्ण भाराइतकी. म्हणून कोन साठच्या आत ठेवायचा. कॅराबिनर धारेखाली आणण्यासाठी स्लिंग लांब करावे लागतात तेव्हा कोन आपसूक लहान होतो. दगडासाठी केलेली ही गोष्ट अँकरलाही मानवते.

सगळ्याच गोष्टी अशा जुळत नाहीत. दोराची निवड घ्या. लीड चढाईचा डायनॅमिक दोर ताणला जातो आणि पडणाऱ्याचा झटका शोषतो. युरोपीय मानक ईएन ८९२ नुसार एकेरी दोर ८० किलो भाराखाली दहा टक्क्यांपर्यंत ताणला गेला तरी चालतो. दहा मीटरच्या कड्यावर टॉप रोप लावला की मूल पायथ्याशी असताना वर जाणारा आणि परत येणारा मिळून जवळपास वीस मीटर दोर मध्ये असतो. दहा टक्के म्हणजे दोन मीटर. चाळीस किलोच्या मुलासाठी अर्धं धरलं तरी मीटरभर. म्हणजे पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर सुटलेलं मूल दोर घट्ट असूनही जमिनीवर येऊ शकतं. शिवाय दोर ताणला-आखडला की करवतीसारखा घासतो. ईएन १८९१ मानकाच्या कमी ताणणाऱ्या दोरात हा ताण त्याच्या निम्म्याहूनही कमी. दगड वाचतो आणि खालच्या पायऱ्यांवरचं मूलही वाचतं.

पण कमी ताणणारा दोर ढिलाई माफ करत नाही. बिले देणाऱ्याच्या, म्हणजे खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याच्या, हातून हातभर दोर ढिला राहिला आणि मूल सुटलं तर झटका जवळजवळ सगळा कंबरेला लागतो. मुलांच्या गटात बिले बहुधा मुलंच देतात: एक उपकरणातून दोर ओढतो, दुसरा त्याच्या मागे दोराचं शेपूट धरतो, आणि प्रशिक्षक दोन-तीन दोरांवर नजर ठेवतो. ही पद्धत चांगली आहे, मुलांना जबाबदारी कळते. मात्र चौथ्या-पाचव्या फेरीला लक्ष उडतं, गप्पा सुरू होतात, दोर ढिला पडून लोंबतो. डायनॅमिक दोरावर हे खपून जातं. इथे नाही.

शेवटची एक पायरी

या सगळ्या प्रकरणाचा खरा पेच माथ्याच्या शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये आहे, आणि तो जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

बारा वर्षांची मुलगी वर पोचते आहे. कॅराबिनर धारेच्या खाली लटकतो आहे, कारण दोर दगडाला टेकू द्यायचा नाही. तिचे हात धारेवर गेले तेव्हा कॅराबिनर तिच्या छातीशी आला. तिने पाय उचलला, कॅराबिनर कंबरेशी आला. आता खालून ओढलेला दोर तिला वर धरत नाही, उलट खाली खेचतो. बिले देणारा मुलगा हे बघतो आणि तिला जागा मिळावी म्हणून दोर सोडतो. तिथेच ढिलाई तयार होते. ती पोटावर माथ्यावर येते, गुडघे टेकवते, आणि पहिल्यांदा कड्यावर आल्याच्या आनंदात उभी राहते. समोर कठडा नाही. कमरेला अजून दोर आहे, पण तो तिच्या पायांच्याही खाली असलेल्या कॅराबिनरमधून जातो आहे. पाय अडखळून ती पडली तर दोर घट्ट होईपर्यंत खाली जाणार, तेही न ताणणाऱ्या दोरावर.

दगडाच्या दृष्टीने ती वर आली हेच योग्य. खाली सोडलं असतं तर दहा मीटर पाय घासत आली असती. मुलीच्या दृष्टीने मात्र तिला कॅराबिनरपाशीच थांबवून दोराने खाली सोडणं जास्त सोपं आणि आटोक्यातलं होतं.

मी जे गट जवळून पाहिले, त्यांत हा पेच नीट सुटलेला दिसला तो एकाच पद्धतीने: माथ्यावर दुसरा मोठा माणूस. तो स्वतः धारेपासून मागे अँकरला बांधलेला असतो. मूल धारेवर आलं की तो त्याला उभं राहू देत नाही. ‘बसूनच पुढे ये, उठू नको,’ असं सांगत त्याला वेगळ्या छोट्या सुरक्षा-दोरात अडकवतो. मग चढाईचा दोर सोडतो, मुलाला आखलेल्या रेषेच्या मागे नेतो आणि तिथे पूर्ण मोकळं करतो. पुढे मूल वाटेने चालत खाली येतं. या सगळ्याला दर मुलामागे एक-दोन मिनिटं जास्त लागतात. दिवसाच्या चढाया कमी होतात. पण प्रत्येक मुलाला कड्याच्या माथ्यावर जाऊन आल्याचा अनुभव मिळतो, जो हवेतून परत खाली सोडलेल्या मुलाला मिळत नाही. मला तर यातच त्या दिवसाचा खरा अर्थ वाटतो.

अडचण पैशांची आणि माणसांची. बारा मुलं, तीन दोर, खाली एक प्रशिक्षक, एक शिक्षक, आणि वर कोणी नाही, अशी रचना कागदावर बसते. वर दुसरा पात्र माणूस ठेवायचा म्हणजे केंद्राला एक पगार वाढतो. म्हणून काही गट नियमाची अर्धीच बाजू पाळतात: कॅराबिनर धारेखाली लटकवतात, आणि मुलांना माथ्यापर्यंत न नेता तिथूनच खाली सोडतात. पन्हळी पडत नाहीत हे खरं, पण पायांची घासाघीस तशीच राहते. मी याला वाईट म्हणणार नाही. माथ्यावर पात्र माणूस नसेल तर मुलांना वर पाठवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. फक्त केंद्राने हे स्वतःशी कबूल करावं की ही तडजोड आहे, आणि ती कमी चढायांनी भरून काढावी.

कायदा कुठपर्यंत पोचतो

ब्रिटनमध्ये साहस केंद्रांना परवाना लागतो, त्यामागे एक दुःखद घटना आहे. २२ मार्च १९९३ रोजी लाइम बे इथे एका केंद्राच्या कयाक सहलीत चार शाळकरी मुलं दगावली. प्रशिक्षकांची पात्रता तोकडी होती, मदतीची हाक उशिरा गेली. केंद्र चालवणारी कंपनी आणि तिचा व्यवस्थापकीय संचालक १९९४ मध्ये मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरले. त्यातून १९९५ चा ॲक्टिव्हिटी सेंटर्स (यंग पर्सन्स सेफ्टी) ॲक्ट आला. अठरा वर्षांखालच्या मुलांना पालकांशिवाय, पैसे घेऊन चढाई, गुहाभ्रमण, पदभ्रमण किंवा जलक्रीडा करवणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. चढाईच्या बाबतीत हा परवाना नैसर्गिक कातळासाठी आहे, कृत्रिम भिंतींसाठी नाही. आपल्याच विद्यार्थ्यांना नेणारी शाळा किंवा आपल्याच सभासदांना नेणारी स्वयंसेवी संस्था यांना तो लागत नाही.

हॅरिसन्सवर येणाऱ्या गटांत म्हणूनच दोन तऱ्हा असतात. परवान्याच्या केंद्राचा प्रशिक्षक बहुधा रॉक क्लायंबिंग इन्स्ट्रक्टर ही पात्रता मिळवलेला असतो. पूर्वी तिलाच सिंगल पिच अवॉर्ड म्हणत. तिच्यात अँकर बांधणं, गट सांभाळणं आणि जागेची काळजी घेणं हे तिन्ही तपासलं जातं. दुसरीकडे उत्साही शिक्षक किंवा मंडळाचा कार्यकर्ता असतो. तो मनापासून आलेला असतो, पण त्याने टॉप रोप एखाद्या कणखर कातळावर शिकलेला असतो, आणि दोर धारेवरून सोडणं त्याला स्वाभाविक वाटतं. त्याच्याशी भांडून काही होत नाही. वर जाऊन, पन्हळीत बोट घालून दाखवलं आणि त्याचे स्लिंग लांब करायला मदत केली की तो पुढच्या वेळी स्वतः गालिच्याचा तुकडा घेऊन येतो. स्थानिक स्वयंसेवक हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत: पायथ्याची माती धरायला ओंडके लावायचे, वाटा दुरुस्त करायच्या, आणि येणाऱ्यांशी बोलायचं. कडा वाचला तो मोठ्या प्रमाणात या लोकांमुळे.

कायदा मुलाच्या बाजूने उभा राहतो आणि आचारसंहिता दगडाच्या. दोन्ही एकदम सांभाळणारी जागा म्हणजे प्रशिक्षकाचं डोकं. म्हणून केंद्राची निवड करताना पालकांनी आणि शाळांनी एक प्रश्न जरूर विचारावा: माथ्यावर कोण असेल? हेल्मेट ईएन १२४९२ मानकाचं आहे का, बारीक चणीच्या मुलांसाठी खांद्यावरूनही बांधायचे हार्नेस आहेत का, हे विचारलं जातंच आणि जावंच. पण माथ्याबद्दलचं उत्तर तयार असलेल्या केंद्राने बाकीचा विचार केलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

ओल्या सकाळचा निर्णय

सगळ्यात कठीण नियम शेवटचा: ओल्या कातळावर चढायचं नाही. ओला वालुकाश्म कोरड्याच्या मानाने खूपच कमजोर असतो. कोरड्या दिवशी मुलाचं वजन सहज पेलणारी पकड पावसानंतर हातात निघून येते. यात दगडाचं नुकसान आणि मुलाचं पडणं ही एकच घटना असते, त्यामुळे इथे तडजोडीला जागाच नाही.

घोळ असा की कातळ वरून लवकर सुकतो. रात्री पाऊस झाला, सकाळी ऊन पडलं, दगडाचा रंग फिकट झाला, की सगळ्यांना वाटतं चला, झालं कोरडं. आतला ओलावा तेव्हा जायचा असतो. झाडांच्या सावलीतल्या भागांत तर तो कित्येक दिवस राहतो. म्हणून काही ठिकाणी ऊन-वारा पोचावा यासाठी झाडं विरळ केली गेली. अनुभवी माणूस रंगावर विसंबत नाही. पायथ्याची वाळू मुठीत घेऊन पाहतो. मुठीचा गोळा धरला तर कातळही आतून ओला आहे असं समजतो. कपारीत हात घालून गारवा पाहतो. शंका असेल तर नाही म्हणतो.

पण बस दारात उभी आहे, बारा मुलं महिनाभर या दिवसाची वाट बघत होती, शाळेने पैसे भरलेले आहेत. अशा वेळी कड्याखाली उभं राहून नाही म्हणणं एकट्या प्रशिक्षकावर सोपवलं तर त्याच्यावर अन्याय होतो. दहातले काही जण तरी नमतील. हा निर्णय आधीच, आरक्षण घेताना झालेला असायला हवा. चांगली केंद्रं तेव्हाच लेखी सांगतात: आदल्या दिवशी किंवा रात्री पाऊस झाला तर दिवस कातळावर होणार नाही, कृत्रिम भिंतीवर होईल, किंवा त्याच परिसरात रानात दिशाशोधनाचा कार्यक्रम होईल, निर्णय सकाळी अमुक वाजेपर्यंत कळवू, पैसे परत मिळणार नाहीत, पण दिवस वाया जाणार नाही. शाळा हे पालकांना सांगते, शिक्षक मुलांना सांगतात. मग त्या सकाळी फोन आला तर कोणाला धक्का बसत नाही.

बोल्ससारख्या केंद्राला हे तुलनेने सोपं जातं, कारण त्याच्याकडे त्याच आवारात इतर कार्यक्रम असतात. हॅरिसन्सवर बाहेरून गट आणणाऱ्या छोट्या संस्थांकडे दुसरी योजना नसते आणि ओल्या दिवशी कड्यावर सापडतात ते बहुतेक त्यांचेच गट. त्यांना दोष देण्याआधी त्यांच्यासाठी जवळच्या भिंतीवर पावसाळी दिवसाची जागा राखून ठेवण्याची काही सोय बीएमसी, केंद्रं आणि भिंती चालवणारे मिळून करू शकले, तर एकाही नव्या फलकाशिवाय पुष्कळ पकडी वाचतील. त्या सोयीचा खर्च कोणी उचलायचा, यावर पुढची चर्चा व्हायला हवी.